खाऱ्या पाण्यातला घास

जुना दगड म्हणूनच मला सगळे ओळखतात. मित्रांनो, हे 'जुना' मी कौतुकानं ऐकलं आहे आणि शिवी म्हणूनही ऐकलं आहे. माझ्या अंगावर साधारण पाचशे भोकं आहेत, पण त्यातलं एकही तोंड नाही. असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. मी चार शब्द बोललो असतो आणि चार महिन्यांचा घोळ चार मिनिटांत मिटला असता. पण नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी अक्षरशः खाल्ला.

मी समुद्रातला नाही. माझा जन्म पुण्यात, नारायण पेठेत, एका गच्चीवर झाला. श्यामसुंदर सर नावाचे रसायनशास्त्राचे शिक्षक नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना घरात खाऱ्या पाण्याची टाकी करायची होती, आणि समुद्रातला खडक उचलून आणणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी घमेल्यात पांढरं सिमेंट घेतलं, कोंबड्यांना घालतात तो शिंपल्यांचा चुरा घेतला, जाडं मीठ घेतलं, आणि सगळं हातानं कालवलं. शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं, "सर, हे काय चाललंय?"

"दगड तयार करतोय. पुण्यात कमी पडले," सर म्हणाले.

मला पाण्याच्या पिंपात टाकलं, तसं माझ्यातलं मीठ विरघळून गेलं आणि जिथे जिथे मीठ होतं तिथे भोकं पडली. तीन महिने सर दर रविवारी पिंपाचं पाणी बदलत. सिमेंटचा जळजळीत क्षार पुरता उतरल्याशिवाय त्यांनी मला टाकीत जाऊ दिलं नाही. घाई हा शब्द त्यांच्या घरात नव्हताच. मुरुडला कुणी निघालं की ते त्याच्याबरोबर दोन कॅन द्यायचे आणि समुद्राचं पाणी मागवायचे. एसटीच्या टपावरून आलेल्या त्या पाण्यातून माझ्याकडे भाडेकरू आले. आधी आले डोळ्यांना न दिसणारे जंतू. माशांची घाण पचवून पाणी राखतात ते हेच. मग बारीक किडे आले, गोगलगाई आल्या. माझ्या पाठीवर हळूहळू गुलाबी रंगाचं कडक शेवाळ चढलं. आणि डाव्या अंगाच्या एका खोल भोकात पाच बारीक पायांची एक चांदणी येऊन राहिली. दिवसभर ती आत असायची. टाकीतला दिवा मालवला की एक पाय बाहेर काढून चाचपायची. तिला पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली, आणि सगळी माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. मित्रांनो, मी दगड असलो तरी घरदार असलेला दगड होतो.

सरांकडे येणारे लोक माशांआधी मला बघायचे. "अरे वा, काय रंग आलाय!" म्हणायचे. काचेवर सरांनी एक कागद चिकटवला होता: 'टकटक करू नये. मासे दार उघडत नाहीत.' माशांना खायला चिमूटभर मिळायचं, तेही बोटांवर मोजून.

अकरा वर्षं अशी गेली. शेवटच्या दोन वर्षांत मात्र सर विसरायला लागले. सकाळी खाणं टाकायचे, पेपर वाचायचे, आणि उठून पुन्हा टाकायचे. न खाल्लेलं अन्न खाली बसून कुजायचं, आणि कुजलेल्या अन्नातून फॉस्फेट निघायचं. हे फॉस्फेट म्हणजे काही भूत नाही. शेतात पिकाला जे खत लागतं, तेच टाकीत शेवाळाला लागतं. पाण्यात थोडं असलं तर बरं, जास्त झालं की हिरव्या केसांसारखं शेवाळ माजतं आणि सगळ्यांचा श्वास कोंडतो. मी पडलो चुनखडीच्या जातीचा. फॉस्फेट माझ्या अंगाला चिकटतं. पाण्यात वाढलं की मी पोटात घेतो, पाणी स्वच्छ झालं की थोडं थोडं परत सोडतो. सरांची चूक मी दोन वर्षं पोटात घातली. हे मी कबूल करतो. पुढे माझ्यावर जो आळ आला त्यात अगदीच तथ्य नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

सरांना त्यांच्या मुलीनं, हेमानं, स्वतःच्या घरी न्यायचं ठरवलं तेव्हा टाकी मोडली. मासे एकाकडे गेले, काच दुसऱ्याकडे. मला घ्यायला आले धायरीचे जयसिंगराव. पंचेचाळिशीचा उंच माणूस, मार्केट यार्डाजवळ खतांचं आणि बियाण्यांचं दुकान. सरांनी मला ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "दगड जुना आहे. पोटात बरंच साठवून आहे. सहा महिने घाई करू नका."

जयसिंगानं दोन वाक्यं लक्षात ठेवली आणि तिसरं विसरला.

त्याचंही मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? धायरीत त्यांची शेती होती, विहीर होती. लहानपणी तो विहिरीच्या कठड्यावर पालथा पडून तासन्‌तास मासे बघायचा. मग गाव शहरात आलं, रान बिल्डरला गेलं, विहीर बुजली, आणि त्याच जागेवरच्या इमारतीत सातव्या मजल्यावर त्यांना फ्लॅट मिळाला. घरात तो, त्याची बायको उल्का आणि त्याची आई सरुबाई. उल्का एका बालवाडीत शिकवायची. सरुबाई घरीच असायच्या. गुडघे गेल्यापासून त्या लिफ्टनेसुद्धा खाली उतरत नसत. हॉलमध्ये चार फुटी टाकी आली, वाळू आली, मी आलो, माझ्याबरोबर दुकानातले चार कोरे दगड आले. ते अजून काहीच जगलेले नव्हते. त्यानंतर दीड महिन्यानं नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे आले.

पहिले काही दिवस बरे गेले. मग काचेवर तपकिरी थर आला. नव्या टाकीत तो येतोच आणि जातोही. पण तो गेला आणि त्याच्या जागी हिरवे केस आले. आधी कोऱ्या दगडांवर, मग वाळूवर, मग माझ्यावर. माझी गुलाबी पाठ झाकली गेली. चांदणीच्या भोकाच्या तोंडाशी जाळी झाली.

जयसिंगानं तपासणीची पेटी आणली. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात पूड टाकायची, हलवायचं आणि वाट बघायची. पाणी निळं झालं की फॉस्फेट आहे. निळं जितकं गडद तितकं जास्त. त्यानं नळी खिडकीपाशी धरली. आभाळासारखी फिकी निळी हवी होती. ती शाईसारखी दिसली.

"आयला!" तो म्हणाला.

"काय झालं?" उल्कानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"फॉस्फेट. दिवसभर दुकानात पोत्यानं विकतो, आणि घरात चिमटीभर काढता येईना!"

तेव्हापासून या घरातली शांतता गेली. त्यानं पाणी तपासलं. गाळायचं यंत्र नवं होतं, त्याचं पाणी नळीत पांढरं स्वच्छ राहिलं. मीठ तपासलं. मीठही निर्दोष. माशांचं खाणं निम्मं केलं, मग त्याच्याही निम्मं. दुकानदारानं काळ्या दाण्यांची पिशवी दिली, फॉस्फेट शोषून घेणारी. ती टाकीत लटकवली की निळा रंग चार दिवस उतरायचा आणि पाचव्या दिवशी पुन्हा चढायचा. त्यानं पिशवी दुप्पट केली. दुसऱ्या दुकानदारानं जंतूंची बाटली दिली. दर तिसऱ्या दिवशी त्यानं निम्मं पाणी बदललं. बादल्या वाहून वाहून त्याची कंबर धरली. उल्का म्हणायची, "अहो, घरात दोन मासे आहेत की दोन म्हशी?"

आणि मला सगळं ठाऊक होतं! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मी रोज समोर बघत होतो.

मित्रांनो, आता खरी गोष्ट ऐका. रोज दुपारी एक वाजता घर रिकामं असायचं. जयसिंग दुकानात, उल्का बालवाडीत, आणि रविवारी दोघं बाजाराला. सरुबाई आपलं ताट वाढून घ्यायच्या: ज्वारीची भाकरी, भाजी, कांदा. पण पहिला घास तोंडात घालायच्या नाहीत. त्या भाकरीचा तुकडा मोडायच्या, गुडघ्यावर हात देत उठायच्या, टाकीपाशी यायच्या, मागची झडप उघडायच्या आणि तो तुकडा बोटांनी अगदी बारीक कुस्करून पाण्यात सोडायच्या. हात जोडायच्या. मग ताटावर जाऊन बसायच्या.

भाकरी! खाऱ्या पाण्यात! ज्वारीची! मासे एखादा कण तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. बाकीचा सगळा चुरा माझ्या पाठीवर पडायचा, माझ्या भोकांत शिरायचा आणि तिथे कुजत बसायचा. कधी भाकरीला पिठलं लागलेलं असायचं. होळीला तर पुरणपोळी. इकडे जयसिंग रात्री दोन दाणे मोजून टाकतोय, आणि तिकडे त्याची आई दुपारी मूठभर ओततेय! काळ्या पिशवीनं काय काय शोषावं?

मी किती चिडलो असेन, कल्पना करा. मी ओरडून सांगत होतो, "बाई, थांबा!" पण दगडाचं ओरडणं म्हणजे काय? एक बुडबुडासुद्धा निघत नाही.

पण सरुबाई वेड्या नव्हत्या, हेही सांगायला हवं. गावात गोठा होता तेव्हा त्यांच्याकडे चंद्री नावाची गाय होती. सासरी आल्या त्या दिवसापासून जेवायच्या आधी गायीचा घास काढायचा, हा त्यांचा नेम. मुक्या जिवाच्या आधी आपण जेवायचं नाही. गोठा पाडला, चंद्रीला खेडला नातेवाइकांकडे धाडलं. मग त्या काही दिवस घास घेऊन खाली उतरायच्या, रस्त्यावर गाय दिसते का बघायच्या. गुडघ्यांनी तेही बंद पाडलं. आणि एक दिवस घरातच मुका जीव आला. त्यांना किती बरं वाटलं असेल! त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण घातलेला घास बोलून दाखवायचा नसतो, अशी त्यांची समजूत. आणि कुणी त्यांना विचारलंही नाही.

जयसिंगानं विचारलं नाही, पण लिहिलं. बाहेरचं कुणी खाणं टाकत असेल, अशी शंका येऊन त्यानं काचेवर मोठ्या अक्षरांत कागद लावला: 'माशांना काहीही खायला घालू नये.' छान. सरुबाईंनी तो कागद रोज फडक्यानं पुसून ठेवला. त्यांना वाचता येत नव्हतं. ज्या मुलाला त्यांनी शाळेत घातलं, त्याच्या हे लक्षात राहिलं नाही.

मासे येऊन चार महिने होत आले, तेव्हा एक मासा अंगावर पांढरे ठिपके येऊन मेला. जयसिंगानं त्याला तुळशीच्या कुंडीत पुरलं आणि मग टाकीसमोर खुर्ची घेऊन बसला. त्याचा चेहरा मला आवडला नाही. तो एकेक करून सगळं आठवत होता. पाणी नाही. मीठ नाही. खाणं नाही. मग राहिलं कोण? त्यानं नजर वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"पोटात बरंच साठवून आहे," तो स्वतःशीच म्हणाला.

त्यानं मला बाहेर काढलं, स्वच्छ खाऱ्या पाण्याच्या बादलीत दोन दिवस ठेवलं आणि त्या बादलीचं पाणी तपासलं. नळी गडद निळी झाली. होणारच होती! सरांची दोन वर्षं माझ्या पोटात होती, आणि त्यावर चार महिन्यांची भाकरी. पण जयसिंगाला पुरावा सापडला. "हाच तो!" तो उल्काला म्हणाला. "आठ दिवस उन्हात वाळवतो, सगळं मरू दे. मग फरशीच्या ॲसिडनं धुतो. आतून बाहेरून कोरा करतो याला."

"त्याच्यावर ते गुलाबी आहे ना?" उल्का म्हणाली. "जिवंत आहे म्हणत होतात तुम्ही."

"जिवंत राहून माझ्या माशाला मारतोय तो."

चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. त्यानं मला गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी वर्तमानपत्रावर ठेवलं. धायरीचं एप्रिलचं ऊन होतं, आणि गॅलरी पश्चिमेची.

पुढचं सांगताना मला अजूनही त्रास होतो. पहिल्या दिवशी माझ्या वरच्या अंगाचं पाणी सुकलं आणि बारीक किडे बाहेर येऊन कागदावर पडले. संध्याकाळी गुलाबी रंग राखाडी झाला. दुसऱ्या दिवशी चांदणीची पिल्लं एकामागून एक खालच्या बाजूला सरकली, जिथे थोडी ओल होती. ती ओलही संपली. चांदणी सगळ्यात खोल भोकात होती. तिथे पाण्याचा एक थेंब राहिला होता. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली, पाच पाय पसरून माझ्या पाठीवर आली आणि तिथेच राहिली. एका कावळ्यानं तिला चोचीनं उचललं. अकरा वर्षं मी तिला सांभाळलं होतं. मला हलतासुद्धा आलं नाही.

गॅलरीचं दार उघडं असायचं, म्हणून हॉल मला दिसायचा. मला वाटलं होतं, मी नसल्यावर तरी यांची टाकी सुधारेल. कसली सुधारतेय! माझ्याबरोबर पाणी राखणारे जंतू गेले होते. उरलेला मासा वर येऊन तोंड उघडत होता. जयसिंग नळी हलवायचा, खिडकीपाशी धरायचा आणि ती आधीपेक्षा गडद दिसायची. त्यानं एकदा नळी बेसिनमध्ये आपटून फोडली. आणि रोज एक वाजता सरुबाई येत होत्या, झडप उघडत होत्या, कुस्करत होत्या, हात जोडत होत्या.

पाचव्या दिवशी त्याला माशाची काळजी वाटली आणि तो दुकान सोडून दुपारीच घरी आला. त्यानं किल्लीनं दार उघडलं. सरुबाई टाकीपाशी उभ्या होत्या. बोटांतून चुरा पडत होता.

"आई! काय टाकतेस?"

"घास," सरुबाई शांतपणे म्हणाल्या.

"कसला घास?"

"माझा. जेवायच्या आदीचा. रोजचा."

"रोजचा?"

"मग काय आयतवारचा? मुक्या जिवाला काय आठवड्यातनं येकदा भूक लागती?"

जयसिंग भिंतीला टेकला. मग त्याचा बांध फुटला. "अगं चार महिने! चार महिने मी पाणी बदलतोय, कंबर मोडून घेतली, मासा मेला, दगड उन्हात घातला, आणि तू भाकरी टाकतेस? भाकरी? एवढी मोठी पाटी लावलीय समोर, दिसत नाही का तुला?"

"दिसती की. रोज पुसती मी ती," सरुबाई म्हणाल्या. "मला वाचता येतंय व्हय रे?"

सरुबाईंनी झडप लावली. त्यांच्या हाताला चुरा लागलेला होता, तो त्यांनी पदराला पुसला.

"रान इकलंस, मी काय बोलले न्हाई. गोठा पाडलास, बोलले न्हाई. चंद्रीला टेम्पोत चढवलीस, तवा बी मी आत जाऊन बसले. येवढा घास तेवढा माझा राहिला हुता. त्यानं तुजा मासा मेला म्हनतोस. मला काय ठावं बाबा? मला वाटलं, मी जगवतीय त्यास्नी."

सरुबाई ताटावर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून भाकरी बंद झाली. आठवड्याभरात नळीचा निळा रंग एक पायरी उतरला. जयसिंगाला आनंद व्हायला हवा होता. पण एके संध्याकाळी उल्का त्याला गॅलरीत घेऊन आली आणि दार ओढून घेऊन म्हणाली, "अहो, आई जेवत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे ताटावर बसतात. पहिला तुकडा मोडतात. आणि तो हातात धरून तशाच बसून राहतात. मी परवा लवकर आले तेव्हा बघितलं. अर्धी भाकरी उरते रोज. तुम्ही नळ्या बघता, जरा माणसांकडेही बघा."

तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. मग त्यानं मला उचललं. मला वाटलं, आता ॲसिड. पण त्यानं मला ब्रशनं घासलं, भोकाभोकांतून पाणी सोडून वाळलेली घाण काढली आणि खाऱ्या पाण्याच्या बादलीत ठेवलं. मेलेलं सगळं धुऊन गेल्याशिवाय मला टाकीत घालणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, हे त्याला आता कळत होतं. दर रविवारी तो बादलीचं पाणी बदलायचा. सॉरीबिरी काही म्हणाला नाही. दगडाला कोण म्हणतं?

मी पुन्हा टाकीत गेलो त्या दिवशी रविवार होता. सरुबाई काचेपाशी आल्या. मी पांढरा फटक होतो, नारायण पेठेच्या गच्चीवर होतो तसा.

"मेला का रं ह्यो?" त्यांनी विचारलं.

"सगळं मेलं, आई. माझ्यामुळं."

"पड टाकलेलं रान हाय. टाइम लागंल. येतंय," त्या म्हणाल्या. शेतातली बाई ती. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला समजून घेऊन बोललं होतं.

मग जयसिंगानं माशांच्या खाण्याची डबी आणि एक छोटी वाटी आणली. वाटीत सात दाणे मोजून टाकले आणि आईच्या हातात दिली.

"हे काय?"

"तुझा घास. आजपासून माझं खाणं टाकणं बंद. मी एक दाणा टाकणार नाही, उल्का टाकणार नाही. दिवसातून एकदा, एक वाजता, तू घालायचा. पण एवढाच."

सरुबाईंनी वाटीत बघितलं, मग मुलाकडे बघितलं. "येवढ्यात मुंगीचं तरी भागल का?"

"त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, आई. जास्त घातलं तर आपणच मारतो त्याला."

"डोळ्याएवढं?" त्या वाकून माशाकडे बघत राहिल्या. "मग त्यो इतके दिस माजा घास थुकत हुता, ते रुसून न्हाई म्हन की!"

त्यांनी सात दाणे सोडले. मासा आला आणि एकही दाणा माझ्यापर्यंत पोहोचला नाही. त्या दुपारी सरुबाई दोन भाकऱ्या जेवल्या. जयसिंग त्यांच्यासमोर जेवायला बसला होता, आणि भाकऱ्या मी काचेतून मोजल्या.

आता वर्ष होत आलं. नळी फिकी निळी येते. हिरवे केस विरळ होत होत गेले, त्यालाही सहा महिने लागलेच, कारण माझ्या पोटातलं मी माझ्याच गतीनं सोडतो. अगदी कोरं पाणीही बरं नसतं, हे खत विकणाऱ्या माणसाला वेगळं शिकवावं लागलं नाही. काळी पिशवी त्यानं काढून टाकली. माझ्या उजव्या खांद्यावर एक गुलाबी ठिपका उगवला आहे, टाचणीच्या डोक्याएवढा. सरुबाई येणाऱ्याजाणाऱ्याला तो बोट दाखवून दाखवतात. चांदणी मात्र नाही. तिच्या भोकात आता पाणी आहे, दुसरं काही नाही. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मित्रांनो, दगडाचं कुणी ऐकत नाही, पण तुम्ही इतकं ऐकलंत, तर एवढं आणखी ऐका. घरात काही बिघडलं की शोध जरूर घ्या. पाणी तपासा, मीठ तपासा. पण ज्याला बोलता येत नाही त्याला उन्हात टाकण्याआधी ज्यांना बोलता येतं त्यांच्याकडे जा. त्यांना पाटी दाखवू नका. त्यांच्यापाशी बसा. जयसिंगानं चार महिन्यांत शंभर वेळा नळी हलवली. त्यातली एक दुपार तो आईबरोबर जेवायला बसला असता, तर माझं घरदार आज जिवंत असतं.